‘सवय होईल’

जुनी गाडी दुसऱ्याच्या हातात देताना काही सूचना ठरलेल्या असतात. दुसरा गिअर जरा अडकतो. मागची डावी काच हाताने वर ढकलावी लागते. एसी लावला की चढावर दम लागतो. आणि मग किल्ली देता देता शेवटची सूचना येते : “ब्रेक थोडे कमी लागतात. जरा आधीपासून दाब. सवय होईल.”

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची पहिली गाडी अशीच आलेली असेल. बाबांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेली, मग ताईने चालवलेली, आणि आता घरात कुणालाच नको म्हणून तुमच्या वाट्याला आलेली हॅचबॅक. किंवा मित्रांनी पैसे काढून घेतलेली सेकंडहँड. गाडीबरोबर तिचे सगळे हट्टही वारशाने मिळतात. ते हट्ट आपल्याला ठाऊक असण्यात एक आपलेपणा असतो. ‘ही माझ्याशिवाय कुणाला नीट चालवता येत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या आवाजात तक्रार कमी आणि अभिमान जास्त असतो.

काच, गिअर, एसी यांच्याबाबत हे ठीक आहे. काच वर गेली नाही तर भिजणार आपणच. ब्रेकचं तसं नाही. म्हणून त्या शेवटच्या सूचनेकडे नीट बघायला हवं.

तिच्यात दोन गोष्टी एकदम आहेत. एक, ब्रेक कमी लागतात हे बोलणाऱ्याला माहीत आहे. नुसता संशय असता तर त्याने किल्ली देताना ते आवर्जून सांगितलं नसतं. दोन, माहीत असूनही त्याने काही केलेलं नाही, कारण त्याच्या मते उपाय सापडलेला आहे : पाय थोडा आधी टाकायचा. म्हणजे हे ज्ञान मित्राला सावध करण्याइतकं पक्कं आहे, पण गॅरेजची पायरी चढण्याइतकं नाही. आणि याच गाडीसमोरून ज्या आजींना रस्ता ओलांडायचा आहे त्यांना कुणी सांगत नाही, की ही गाडी दिसली तर तुम्हीही जरा आधीपासून थांबा. त्यांनी सवय कशी करून घ्यायची?

प्रश्न असा आहे : ज्या गोष्टीची आपल्याला अर्धवट कुणकुण आहे, आणि जी पूर्ण जाणून घेणं आपल्या हातात आहे, ती न जाणणं हा गुन्हा आहे का? काहीच अघटित घडलं नाही, तरीही?

पायाला का कळत नाही

आधी थोडी बाजू मांडू. ब्रेक सहसा एका दिवसात कमी होत नाहीत. पॅड रोज केसाच्या जाडीहूनही कमी झिजतात. मागच्या ड्रममधले लायनर हळूहळू घासतात आणि ड्रमपासूनचं त्यांचं अंतर वाढत जातं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. या सगळ्याची भरपाई पाय नकळत करतो. गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात तो थोडा खोल जातो, थोडा जोर जास्त लावतो. मेंदूपर्यंत तक्रार पोचतच नाही. म्हणून रोज गाडी चालवणारा माणूस तिच्या ब्रेकचा सर्वांत वाईट परीक्षक असतो. सहा महिन्यांनी एकदा स्टिअरिंगवर बसलेला मावसभाऊ पहिल्याच सिग्नलला ओरडतो, “अरे, ब्रेक आहेत की नाहीत हिला?” आणि आपण म्हणतो, “आहेत रे, तुला सवय नाही.”

दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर, बरे टायर आणि धड ब्रेक असलेली गाडी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.७ पट इतक्या जोराने वेग कमी करू शकते. सिग्नलला, वळणावर, स्पीडब्रेकरआधी आपण यातला निम्मासुद्धा वापरत नाही. बाकीचा साठा शिल्लक असतो तो एखाद्या दिवसासाठी. कुत्रं आडवं येतं तेव्हा, पुढची रिक्षा प्रवासी दिसला म्हणून जागीच थांबते तेव्हा.

समजा, ब्रेक कमजोर होऊन ही क्षमता ०.७वरून ०.५वर आली. रोजच्या वापरात काहीच जाणवणार नाही, कारण रोज लागतं त्याहून ०.५ही जास्तच आहे. आता ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने जाताना पूर्ण ताकदीने ब्रेक दाबा. धड गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबेल, कमजोर गाडी २८ मीटरमध्ये. आठ मीटरचा फरक. ऐकायला फार वाटत नाही, दोन लहान गाड्यांच्या लांबीएवढा. पण आकडा वेगळ्या बाजूने मांडला की बघा काय होतं. ज्या जागी धड गाडी पूर्ण थांबलेली असते, त्या जागेवरून कमजोर गाडी अजून ताशी ३२ किलोमीटरच्या वेगाने पुढे जात असते. त्या जागी कुणी उभं असेल, तर एका गाडीने त्याला स्पर्शही केलेला नाही आणि दुसरीने त्याला बत्तीसच्या वेगाने धडक दिलेली आहे.

‘पण रोज थांबते की’ हे म्हणणं खरं आहे. त्यातून काही सिद्ध मात्र होत नाही. रोज थांबायला चांगले ब्रेक लागतच नाहीत. आपल्याकडे पुरावा भरपूर आहे, दिवसाला शंभर वेळा मिळणारा. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो प्रश्न आपण विचारलेलाच नाही.

पेडल काय सांगतं

खरा प्रश्न विचारायला मोठं यंत्र लागत नाही. पायाचा जोर पेडलच्या तरफेमुळे काही पट होतो. इंजिनाच्या खेचून घेण्यातून तयार होणाऱ्या निर्वातावर चालणारा बूस्टर त्यात भर घालतो. मास्टर सिलिंडर या जोराचं ऑइलच्या दाबात रूपांतर करतो आणि तो दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत जातो. साध्या हॅचबॅकमध्ये पुढे कॅलिपर पॅडना डिस्कवर आवळतो आणि मागे लायनर ड्रमला आतून जाऊन भिडतात. या साखळीत जिथे ढिलाई आली असेल तिथलं लक्षण पेडलवर उमटतं, आणि प्रत्येक लक्षण वेगळं असतं.

पेडल स्पंजसारखं मऊ लागत असेल तर ऑइलमध्ये हवा शिरली असण्याची शक्यता मोठी. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत जाण्याऐवजी तो बुडबुडा आवळण्यात खर्च होतो. ‘ब्रेकची हवा काढणं’ हा यावरचा उपाय. पण हवा आत आली कुठून हे बघितलं नाही तर महिन्याभरात पुन्हा तेच. जुने रबरी होजपाइप दाबाने फुगू लागले तरी पेडल असंच मऊ लागतं.

पहिल्यांदा दाबल्यावर पेडल खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वरच लागतं, असं असेल तर मागचे लायनर ड्रमपासून लांब गेलेले असू शकतात. ‘दोनदा दाबला की मस्त लागतो’ हे वाक्य आपण कौशल्य म्हणून सांगतो. पण संकटात माणूस एकदाच दाबतो. दुसऱ्यांदा दाबायला जो अर्धा सेकंद लागतो तेवढ्यात साठच्या वेगातली गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते.

सिग्नलला पाय ठेवून उभे असताना पेडल हळूहळू आपोआप खाली जात असेल, तर एक तर कुठेतरी ऑइल गळतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलं आहे. दुसऱ्या प्रकारात फसगत जास्त, कारण बाहेर एक थेंबही दिसत नाही आणि बाटलीतली पातळीही तेवढीच राहते. जमीन कोरडी म्हणून माणूस निर्धास्त होतो.

आणि पेडल दगडासारखं कडक, जोर लावूनही गाडी रेंगाळत थांबतेय, असं असेल तर बूस्टरकडे बघावं. याची तपासणी कुणीही पार्किंगमध्ये करू शकतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईपर्यंत. मग पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. बूस्टर जिवंत असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली सरकतं. सरकलं नाही, तर बूस्टर, त्याची नळी किंवा त्यातला झडपेचा वाल्व्ह यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. सरकलं आणि तरीही गाडी थांबत नाही, तर दोष चाकांपाशी शोधायचा : पॅड तापून त्यांच्यावर काचेसारखी चकाकी आली असेल, लायनरवर ऑइल सांडलं असेल, कॅलिपर गंजून जाम झाला असेल. एकच बाजू जाम असेल तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

गंजाबद्दल एक गोष्ट आपल्या हवेत लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुंबईत किंवा कोकणात सोसायटीखाली उभी असलेली आणि गणपतीला, मे महिन्यात तेवढी बाहेर निघणारी गाडी ‘फार चाललेलीच नाही’ म्हणून उत्तम समजली जाते. पॅड जाड असतीलही. पण कॅलिपरच्या पिना आणि पिस्टन हलते राहिले तरच मोकळे राहतात. उभ्या गाडीचे ब्रेक चालत्या गाडीपेक्षा वाईट असू शकतात, आणि अशा गाडीचा वर्षातला पहिला प्रवास नेमका घाटातून असतो.

घाटाचा हिशेब वेगळाच असतो. हजार किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवताना जेवढी उष्णता तयार होते, तेवढीत जवळपास पाऊण लिटर पाण्याला उकळी येईल. घरच्या सगळ्यांच्या चहाचं आधण. पाचशे मीटर उंचीचा घाट उतरताना अशा वीस थांबण्यांएवढी ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर त्यातला बराच वाटा इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये उतरलात तर जवळजवळ सगळा भार पॅडवर, डिस्कवर आणि शेवटी ऑइलवर येतो. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. तेच पाणी शोषल्यावर १४० अंशांना उकळू शकतं. डॉट ४साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ हवेसारखीच दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. शहरात ते दहा वर्षं जुनं असलं तरी काही कळत नाही.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथे एका ट्रकने एकापाठोपाठ कित्येक गाड्यांना धडक दिली. सुरुवातीला बोललं गेलं ते ‘ब्रेक फेल’. तपासानंतर पोलिसांनी सांगितलं ते वेगळं होतं : उतारावर ट्रकचं इंजिन बंद केलेलं होतं. इंजिन बंद म्हणजे गिअरचा अटकाव गेला आणि ब्रेकला हवेचा दाब पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबला. गाडीतला बूस्टरही इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन दाबांपुरताच उरतो.

इतकं सविस्तर सांगण्याचं कारण केवळ माहिती देणं नाही. प्रत्येक लक्षण वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतं आणि आपल्याला मात्र एकच कारण हवं असतं, सर्वांत स्वस्त. ‘पॅड बदलून टाक, होईल नीट’ असं आपणच मिस्त्रीला सांगतो. मास्टर सिलिंडर गेलेल्या गाडीत नवे पॅड टाकले की खर्च केल्याचं समाधान मिळतं, बिल मिळतं, आणि दोष जिथल्या तिथे राहतो. काय झालंय हे शोधताना ‘काय झालेलं परवडेल’ हा विचार आधी आला, की डोळ्यांसमोरचं लक्षणही दिसेनासं होतं. निदान करण्यातली पहिली नैतिक अडचण ही आहे.

जहाजाचा मालक, ट्रकचा चालक

१८७७ साली विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने एक जहाजमालक कल्पिला आहे. जहाज जुनं आहे, अनेकदा डागडुजी झालेली आहे, ते समुद्रात पाठवण्याजोगं नाही अशी शंका मालकाच्या मनात येते. तपासणी करायची तर खर्च आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो : इतक्या सफरी हिने सुखरूप केल्या, हीही करेल. हळूहळू त्याचा स्वतःचाच त्यावर मनापासून विश्वास बसतो. जहाज प्रवाशांसकट बुडतं.

क्लिफर्डचा मुद्दा असा, की त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य केलं तरी तो दोषी आहे, कारण समोर असलेल्या पुराव्यावरून असा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. तो विश्वास शोधातून आलेला नव्हता, शंका दाबून मिळवलेला होता. आणि पुढे क्लिफर्ड म्हणतो, की जहाज बुडालं नसतं तरी त्याचा दोष तिळमात्र कमी झाला नसता. तो निर्दोष ठरला नसता, फक्त सापडला नसता.

‘इतक्या सफरी केल्या’ आणि ‘रोज थांबते की’ यांत काय फरक आहे? काहीच नाही.

जवळपास शंभर वर्षांनी, १९७६ साली, टॉमस नेगल या अमेरिकन तत्त्वज्ञाने नैतिक नशिबाबद्दल लिहिताना थेट ब्रेकचंच उदाहरण घेतलं. एक ट्रकचालक आहे. त्याने थोडी हयगय केली, ब्रेक तपासून घेतले नाहीत. एक मूल अचानक रस्त्यावर धावतं आणि ट्रकखाली येतं. तो आयुष्यभर स्वतःला त्या मृत्यूचा धनी समजेल, आणि आपणही समजू. आता अगदी तशीच हयगय केलेला दुसरा चालक घ्या, ज्याच्या रस्त्यात मूल आलंच नाही. तो संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. दोघांनी जे केलं ते सारखंच आहे. मूल धावणं न धावणं दोघांच्याही हातात नव्हतं. तरी एकाला आपण जवळजवळ खुनी म्हणतो आणि दुसऱ्याकडे बघतही नाही.

क्लिफर्ड म्हणतो, दोष सारखाच. नेगल म्हणतो, तर्काने सारखाच असायला हवा हे खरं, पण आपण माणसांचा न्याय तसा करत नाही आणि तसं करणं सोडूनही देता येत नाही. आपला कायदाही या दोघांच्या मध्ये उभा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८मधलं कलम १९० सदोष वाहन रस्त्यावर आणण्याबद्दल आहे. चालकाला जो दोष माहीत आहे तोच नव्हे, तर साधी काळजी घेतली असती तर जो कळला असता, तोही त्यात येतो. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर तिथे पुरत नाही. हा क्लिफर्ड झाला. पण त्याच कलमात, दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि नाही झाली तर प्रकरण दंडावर भागतं. हा नेगल झाला.

मला यात क्लिफर्डची बाजू जास्त पटते, पण तिच्यात एक कडकपणा आहे जो मला जमत नाही. सगळ्यांना सारखंच दोषी धरलं, तर कमी ब्रेकची गाडी चालवणारा रस्त्यावरचा प्रत्येक जण मनुष्यवधाचा आरोपी होईल. मूल मेलेलं असणं आणि नसणं यात काहीच फरक नाही, असं त्या मुलाच्या आईसमोर कुणी म्हणू शकणार नाही. पण दोघांच्या भांडणात एक साधी गोष्ट मागे पडते. ट्रकचालकाच्या बाबतीत नशीब येतं ते शेवटी. त्याच्या आधी एक लांबलचक काळ असतो, जेव्हा काहीच नशिबावर नसतं. ब्रेक तपासायचे की नाही हे त्या काळात पूर्ण त्याच्या हातात असतं. मूल कधी धावेल हे आपल्याला ठरवता येत नाही. ते धावेल त्या दिवशी आपल्याकडे वीस मीटरचे ब्रेक असतील की अठ्ठावीसचे, हे ठरवता येतं. नीतीची जागा तिथे आहे, अपघातानंतरच्या हळहळीत नाही.

‘निकामी झाले’

या बाबतीत आपली भाषाही आपल्याला सोयीची मदत करते. ‘ब्रेक लागले नाहीत’, ‘ब्रेक निकामी झाले’, ‘ताबा सुटला’. या वाक्यांत करणारा कुणी नाही. ब्रेक आपणहून निकामी होतात, ताबा आपणहून सुटतो. मराठीत लावणं आणि लागणं यांत माणसाचा हात किती आहे हे चटकन कळतं : दिवा लावला म्हणजे कुणीतरी लावला, ठेच लागली म्हणजे लागली. ब्रेक आपण नेहमी ‘लागतात’ किंवा ‘लागत नाहीत’. जणू ती ठेच आहे.

पण त्याच भाषेत दुसरे शब्दही आहेत. पोलिसांच्या फिर्यादीत हमखास येणारा ‘हयगय’ हा शब्द घ्या. हयगय आपोआप होत नाही, ती कुणीतरी करतो. किंवा ‘प्रमाद’. आज आपण तो चूक, अपराध अशा अर्थाने वापरतो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ आहे बेसावधपणा, गाफील राहणं. बुद्धाच्या उपदेशात अप्रमादाला, म्हणजे सतत सावध असण्याला, फार वरचं स्थान आहे ते याच अर्थाने. सावध नसणं आणि अपराध या दोन्हींसाठी एकच शब्द असावा, हे मला उगीच झालेलं वाटत नाही.

‘सवय होईल’ हे या सावधपणाच्या नेमकं उलट आहे. सवय म्हणजे लक्ष न देता करता येणं. ब्रेक कमी लागत असतील तर खरं म्हणजे प्रत्येक वेळी जास्त लक्ष द्यायला हवं, आणि आपण मित्राला आश्वासन देतो ते लक्ष देण्याची गरज लवकरच संपेल असं.

ज्याला परवडत नाही

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. हे सगळं ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने बोलायचं. मास्टर सिलिंडर, बूस्टर, दोन्ही बाजूंचे कॅलिपर ही कामं हजारांत जातात. नुकती नोकरी लागलेल्या, खोलीचं भाडं भरणाऱ्या मुलाला, किंवा दिवसाच्या धंद्यावर घर चालवणाऱ्या टॅक्सीवाल्याला, एक दिवस गाडी उभी ठेवणंही महाग असतं. नीती ही पोट भरलेल्यांची चैन आहे का?

मला वाटतं, इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. दुरुस्ती महाग असू शकते. जाणून घेणं महाग नाही. वर सांगितलेल्या तपासण्यांना एक पैसा लागत नाही, फक्त कळण्याची तयारी लागते. आणि बऱ्याचदा आपण टाळतो ते नेमकं हेच, कारण कळलं की खर्चाचा निर्णय आपल्या अंगावर येतो. पैसे नाहीत म्हणून दुरुस्ती पुढे ढकलणारा माणूस आणि दुरुस्ती निघेल म्हणून तपासणी टाळणारा माणूस एक नव्हेत. पहिला निदान घाट टाळू शकतो, वेग चाळीसच्या आत ठेवू शकतो, पावसात गाडी काढणार नाही, दुसऱ्याला किल्ली देणार नाही. दुसऱ्याकडे यातलं काहीच करायला कारण नसतं.

शिवाय गरिबीचा मुद्दा काढायचा तर तो पुरता काढू. गाडीतल्या माणसाच्या पुढे बॉनेट असतं, छातीवर पट्टा असतो. रस्त्यावर त्याच्यासमोर येणारा पायी चालणारा असतो, सायकलवाला असतो, हातगाडीवाला असतो. आपल्या वाचलेल्या पैशांचा धोका ते उचलतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

एकट्या माणसावर सगळं ढकलणंही बरोबर नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तंदुरुस्ती तपासून दर पाच वर्षांनी ती वाढवतात. या पहिल्या पंधरा वर्षांत गाडीच्या धुराची तपासणी पुन्हा पुन्हा करून पीयूसी घ्यावं लागतं, पण ब्रेक तपासायला कुणी सक्तीने बोलावत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची तपासणी होते आणि तीत ब्रेकही मोजले जातात. तशी सोय असती तर हा प्रश्न बराचसा सुटला असता. ती नाही म्हणून प्रश्न आपल्या विवेकाकडे येतो. जिथे मोजायला कुणी नाही तिथे आपणच मोजायचं, एवढाच त्याचा अर्थ.

मिस्त्रीच्या बाबतीतही तेच. ‘ब्रेक बघून घे’ एवढं सांगून आपण जबाबदारी त्याच्याकडे सोपवल्यासारखं करतो, आणि त्याने मोठं काम सांगितलं की ‘आत्तापुरतं कर’ म्हणून ती काढूनही घेतो. पेडल कधी खाली जातं, थंड असताना की तापल्यावर, पहिल्या दाबाला की प्रत्येक दाबाला, हे त्याला कळणं शक्य नाही. ते आपल्या पायाला माहीत असतं. नीट सांगणं हा आपल्या वाट्याचा भाग आहे. ‘आत्तापुरतं’ हा शब्द गाडीच्या कुठल्याही भागासाठी वापरा. ब्रेकसाठी वापरताना मात्र हे ‘आत्ता’ कधी संपणार याची तारीख ठरवून वापरा.

आणि गाडी विकताना? ‘विकायलाच काढलीये, आता कशाला खर्च’ हा हिशेब सगळ्यांना समजतो. पण घेणाऱ्याच्या पायाला त्या गाडीची ओळख नाही. तो पहिले काही दिवस तुमच्या सवयीशिवाय तुमचे ब्रेक वापरणार आहे. दोष सांगून किंमत कमी करणं हा व्यवहार झाला. न सांगता पूर्ण किंमत घेणं म्हणजे जहाजमालकाने सफरीच्या आदल्या दिवशी जहाज दुसऱ्याला विकून टाकणं.

निदान

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, रोगाचं किंवा बिघाडाचं कारण ओळखणं. दुसरा, ‘कमीत कमी’ : निदान फोन तरी कर. सगळं नीट ठेवणं प्रत्येकाला प्रत्येक वेळी जमेल असं नाही. पण काय बिघडलंय हे माहीत असणं, हे कमीत कमी आहे. त्याच्या खाली नीतीची पायरी उरत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी किल्ली देताना ‘सवय होईल’ म्हणालं, तर चार प्रश्न विचारा. पेडल मऊ आहे की कडक? दुसऱ्या दाबाला वर येतं का? धरून ठेवलं तर खाली जातं का? ऑइल शेवटचं कधी बदललं? बहुतेक वेळा उत्तरं मिळणार नाहीत. मग निघण्याआधी पार्किंगमध्ये पाच मिनिटं काढा, रिकाम्या जागी हळू वेगात एकदा पूर्ण जोर लावून गाडी थांबवून बघा, आणि जे कळेल ते ज्याची गाडी आहे त्याला सांगा. तो म्हणेल, “अरे, एवढं काय, मी रोज चालवतो.” त्यावर चिडू नका. तो खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच सवय झालेली आहे.